अर्ज, पोच आणि ओळख : कोल्हापुरातील लहान विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांसाठी

जून संपता संपता कोल्हापुरात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. रंकाळ्यावर आडवा पाऊस येतो आणि विद्यापीठांच्या कार्यालयांपुढे रांगा लागतात. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली कागदपत्रे असतात, सोबत वडील किंवा मामा असतात आणि खिडकीशी पोहोचल्यावर नेमका एक कागद कमी निघतो. मी या शहरात शिकलो आणि पुढे अनेक वर्षे प्रवेशाच्या दिवसांत विभागात मदतीला बसत आलो. तेथे दरवर्षी जे तेच ते सांगावे लागते, ते येथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

लहान विद्यापीठ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत, त्यामुळे कागदावर ते मुळीच लहान नाही. परंतु त्याच्या परिसरातील एखाद्या विभागात तुम्ही एम.ए. किंवा एम.एस्सी.ला आलात की तुमचा वर्ग तीस-चाळीस जणांचा असतो आणि महिनाभरात शिक्षक तुम्हाला नावाने हाक मारू लागतात. शहरातील आणि आसपासची अभिमत व खासगी विद्यापीठे तर आकारानेच आटोपशीर आहेत. अशा ठिकाणी मदत पुष्कळ असते, मात्र ती फलकावर लिहिलेली नसते. ती माणसांकडे असते. आणि ओळख असली तरी लेखी अर्जावाचून काम पुढे सरकत नाही, हे पहिल्या सत्रातच ज्यांच्या लक्षात येते त्यांची दोन-तीन वर्षे सुरळीत जातात.

पायरी पहिली : प्रवेश पक्का करण्याआधी विचारायचे प्रश्न

शुल्क भरण्यापूर्वी कार्यालयात सरळ विचारा की हे विद्यापीठ शासकीय आहे, अभिमत (डीम्ड) आहे की स्वयंअर्थसहाय्यित खासगी आहे. हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण त्याच्या उत्तरावर तुमच्या घरचे हजारो रुपये अवलंबून असतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या राज्य शासनाच्या शुल्कसवलतीच्या योजनांमधून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला, तेव्हा अनेक पालकांनी ‘आता मुलींना सगळीकडे फुकट’ असा अर्थ घेतला. तो चुकीचा आहे. ती सवलत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना आहे. प्रवेशही केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश त्यात बसत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न असा विचारावा : ‘माझा अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे का?’ उत्तर ‘बहुतेक असेल’ असे आले तर ते उत्तर समजू नये. महाडीबीटी म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरण्याचे संकेतस्थळ, त्यावर संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव उघडून दाखवायला सांगावे. खासगी विद्यापीठात शिकणे वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. काही ठिकाणी प्रयोगशाळा उत्तम आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या शुल्कसवलतीही असतात, पण त्या त्यांच्या नियमांनी मिळतात. तेव्हा पहिल्या वर्षी मिळालेली सवलत दुसऱ्या वर्षी कोणत्या गुणांवर टिकणार आहे, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावे.

पायरी दुसरी : फाईल

एक जाड पुठ्ठ्याची फाईल घ्या. तिच्यात दहावी-बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, वय-अधिवास प्रमाणपत्र, चालू आर्थिक वर्षात ग्राह्य असलेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि पासपोर्ट आकाराची किमान दहा छायाचित्रे ठेवा. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागल्याबरोबर मूळ विद्यापीठाकडे अर्ज करावा.

सोडल्याचा दाखला मूळ स्वरूपात जमा करण्यापूर्वी त्याच्या चार स्वच्छ प्रती काढून ठेवा, कारण एकदा तो कार्यालयाच्या गठ्ठ्यात गेला की शिक्षण संपेपर्यंत बाहेर येत नाही. जातवैधतेसाठी, पारपत्रासाठी किंवा एखाद्या भरतीसाठी तो मध्येच मागितला जातो आणि मग बोनाफाईड, म्हणजे तुम्ही तेथे शिकत असल्याच्या प्रमाणपत्रावर वेळ निभावून न्यावी लागते. नावाच्या स्पेलिंगमधील फरकही याच वेळी मिटवावा. आधारवर ‘शिंदे’ एका प्रकारे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रकारे, ही कोल्हापुरातील निम्म्या घरांची गोष्ट आहे आणि संगणकाला ती दोन निराळी माणसे वाटतात.

पायरी तिसरी : शिष्यवृत्ती, आणि तिच्यासाठी लागणारा धीर

लहान विद्यापीठात शिष्यवृत्तीचे काम बहुधा एकाच लिपिकाकडे असते. त्यांच्या टेबलावर दोन संगणक, तीन शिक्के आणि गठ्ठ्यांची उतरंड असते. त्यांना ‘भाऊसाहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणून हाक मारा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटे उरली असताना खिडकीशी जाऊ नका. हा केवळ शिष्टाचार नाही. छाननीत त्रुटी निघाली तर तुम्हाला फोन करायचा की अर्ज तसाच परत पाठवायचा, हे त्या टेबलावर ठरते.

महाडीबीटीवर अर्ज भरण्याआधी आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे याची खात्री करा. अनेकांचा तो क्रमांक वडिलांच्या जुन्या सिमचा असतो आणि ओटीपी गावी जातो. अर्ज भरताना मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी भारत सरकार मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप (शुल्कमाफी) यांपैकी आपल्या उत्पन्नमर्यादेत बसणारी योजना निवडावी. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि त्यावरील उत्पन्न असणाऱ्यांसाठी फ्रीशिप आहे. खुल्या गटातील आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी वर उल्लेखिलेली शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे आणि त्यासाठी तहसील कार्यालयाचा अल्पभूधारक दाखला लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या तीन योजना राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी आहेत. कोल्हापुरात खोली घेऊन राहणाऱ्या कित्येक मुलांना त्या ठाऊकच नसतात, कारण शुल्काच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की आपले काम संपले असे ते मानतात.

आता जी चूक मी स्वतः केली ती सांगतो. अर्जाची पद्धत ऑनलाईन झाली त्या सुरुवातीच्या काळात माझा अर्ज मंजूर झाला, संकेतस्थळावर रक्कम वितरित झाल्याचे दिसले आणि माझ्या पासबुकात मात्र काही नाही. तीन आठवडे मी कार्यालयात हेलपाटे घातले. शेवटी एका वयस्कर लिपिकाने चष्म्यावरून पाहत विचारले, ‘दहावीला असताना गावाकडं खातं काढलं होतंस का रे?’ काढले होते. शून्य शिलकीचे, पुढे कधीच न वापरलेले. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, शेवटी ज्या खात्याला आधार जोडलेले असते त्यात जातात, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. आज आधारच्या संकेतस्थळावर आपले कोणते खाते जोडलेले आहे हे दोन मिनिटांत पाहता येते. ते अर्ज भरण्याआधी पाहा आणि खाते बदलायचे असेल तर नव्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा अर्ज द्या.

अर्ज सादर केल्यावर त्याची छापील प्रत आणि कागदपत्रे कार्यालयात द्यावी लागतात. ती देताना आपल्याजवळच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. या पोचेला फार किंमत आहे. ‘आम्हाला मिळालाच नाही’ हे वाक्य पोच पाहिल्यावर कोणी उच्चारत नाही. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून अर्ज संस्थेच्या पातळीवर अडकला आहे की पुढे गेला आहे हे पाहत राहा. परत आलेल्या अर्जाचा संदेश मोबाईलवर येईलच, यावर विसंबू नका.

पायरी चौथी : राहणे, जेवणे, ये-जा

विद्यार्थ्याने कोठे राहावे हा प्रश्न या शहराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मनावर घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातला मुलगा शहरात आला की त्याला जात पाहून खोली नाकारली जाते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि त्यावर वसतिगृहांचा उपाय केला. दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर बोर्डिंगांच्या त्या परंपरेच्या खुणा आजही दिसतील. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहांबरोबर या जुन्या बोर्डिंगांतही चौकशी करावी. आज त्यांचे प्रवेशाचे नियम वेगवेगळे आहेत, ते प्रत्यक्ष जाऊन विचारावे लागतात.

विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज हा प्रवेशाच्या अर्जाहून निराळा असतो. दरवर्षी काही मुले प्रवेश झाला म्हणजे खोलीही मिळाली असे समजून गाद्या घेऊनच येतात. वसतिगृहाची यादी गुणवत्तेवर, अंतरावर आणि आरक्षणावर लागते. तिची तारीख चुकली तर रेक्टर सरांना कितीही वाईट वाटले तरी त्यांच्या हातात फारसे नसते. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर मात्र आशा सोडू नका. इतर अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या चालू राहतात, काही जण निघून जातात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खोल्या रिकाम्या होतात.

बाहेर खोली घ्यायची तर शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सागरमाळ, राजेंद्रनगर, प्रतिभानगर, राजारामपुरी हे भाग सोयीचे पडतात. डिपॉझिट किती, ते कधी परत मिळणार, वीजबिल वेगळे की भाड्यात आणि पाणी दिवसातून किती वेळा, हे चार मुद्दे कागदावर लिहून घरमालकांची सही घ्या. ‘काका आपलेच आहेत’ असे म्हणत कागद टाळला की मे महिन्यात रंग उडाल्याचे निमित्त करून डिपॉझिट कापले जाते. मेसबद्दल एवढेच सांगतो की महिन्याचे पैसे भरण्याआधी चार दिवस सुटे पैसे देऊन जेवून पाहावे. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा मिळतो म्हणून मेस लावणारे पुष्कळ असतात, पण उरलेले सहा दिवस आमटी कशी असते हे मावशींच्या मेसमध्ये मंगळवारी रात्रीच कळते.

अप-डाउन करणाऱ्यांसाठी एसटीचा विद्यार्थी मासिक पास आहे, त्यात भाड्याच्या साधारण एक-तृतीयांशच रक्कम भरावी लागते. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट असले तरी रोजच्या प्रवासाला मुलींनाही पासच स्वस्त पडतो. त्यासाठी बोनाफाईड लागते. शहरात केएमटीची बस आहे. पावसाळ्यात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे दोन आकडे कोल्हापूरकरांना पाढ्यांसारखे पाठ असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुम्हालाही होतील. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पन्हाळा, शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या गावांतून येणाऱ्यांनी पाणी ३९ फुटांकडे चढू लागले की शहरातल्या मित्राकडे दोन दिवसांची सोय पाहून ठेवावी. रस्ता बंद झालाच तर त्याच दिवशी विभागप्रमुखांना ई-मेल करावा. हजेरीची किमान अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के असते आणि ‘पूर आला होता’ हे कारण मार्चमध्ये सांगितले तर त्याला आधार काय, असे विचारले जाते.

पायरी पाचवी : पहिला महिना

पहिल्या महिन्यात तीन जणांशी ओळख करून घ्या. पहिले तुमचे समन्वयक किंवा मार्गदर्शक शिक्षक, दुसरे विभागाच्या कार्यालयातील लिपिक आणि तिसरे शिपाईमामा. मामांना कमी लेखू नका. कोणते सर किती वाजता भेटतात, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका कोणत्या कपाटात आहेत, हे सगळे त्यांना ठाऊक असते.

बाहेरगावच्या मुलांना कोल्हापुरी बोलीची थोडी सवय करावी लागते. मोठ्या आवाजात बोलणे म्हणजे भांडण नव्हे. वर्गमैत्रीण ‘मी जातो, मी आलो’ असे म्हणाली तर ती चुकीचे मराठी बोलत नाही, येथे मुली असेच बोलतात. दोन आठवड्यांनी नागपूरची मुलगीही ‘येतो की’ म्हणू लागते.

लहान जागेचा एक तोटाही आहे. येथे कोणी अनोळखी राहत नाही. तुम्ही कोणत्या तासाला नव्हता, कोणाबरोबर चहा घेतलात, कोणत्या सरांबद्दल काय बोललात, हे संध्याकाळपर्यंत विभागभर होते. त्यामुळे तक्रार असेल तर ती चहाच्या गाड्यावर न करता योग्य ठिकाणी करावी, ते ठिकाण पुढे सांगितले आहे.

वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उपयोगी असतो, पण त्यावर आलेला निरोप म्हणजे सूचना नव्हे. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख सही-शिक्क्याच्या सूचनेवर किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावी. ‘मुदत वाढणार आहे’ ही अफवा दर सत्रात येते. कधी खरी ठरते, कधी विलंब शुल्क घेऊन जाते. याच महिन्यात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिटचे खाते काढून त्याचा क्रमांक कार्यालयात द्या, कारण नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुम्ही मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) त्या खात्यात जमा होतात.

पायरी सहावी : ग्रंथालय

शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचे नाव आहे. खर्डेकर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९५२ मध्ये त्यांचा विद्यार्थी असलेल्या खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले आणि खाशाबा कुस्तीचे कांस्यपदक घेऊन परतले. दारावरची ही पाटी रोज पाहणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना ही हकिकत माहीत नसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवली.

ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. पुस्तके घरी नेण्यापेक्षा अभ्यासिकेतील जागा, जुने प्रबंध आणि घरूनही वाचता येणारी ऑनलाईन नियतकालिके यांचा उपयोग अधिक आहे. त्या ऑनलाईन सोयीचे लॉगिन मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागणारे थोडे असतात. गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, ते १८५० पासून चालू आहे. मराठी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तेथील सभासदत्व घ्यावे.

पायरी सातवी : कमवा व शिका

घरून पैसे येणे अवघड असेल तर हे पहिल्याच आठवड्यात सांगा, शेवटची पन्नासची नोट संपेपर्यंत थांबू नका. शिवाजी विद्यापीठात कमवा व शिका योजनेचे स्वतंत्र वसतिगृह आहे. तेथील विद्यार्थी रोज ठरावीक तास परिसरातील कार्यालयांत, ग्रंथालयात किंवा विभागांत काम करतात आणि त्यावर त्यांचे शिक्षण चालते. इतर विद्यापीठांतही या नावाने किंवा दुसऱ्या नावाने अशी कामे असतात. निवड गरज आणि गुण पाहून होते, मुलाखत असते आणि जागा मोजक्या असतात. या कामात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. शिवाय परीक्षा विभागात किंवा लेखा विभागात वर्षभर बसलेल्या मुलाला विद्यापीठ आतून कसे चालते हे कळते, ते पुढे नोकरीत कामाला येते. परीक्षेच्या आठवड्यात तास कमी करून मिळतात का, एवढे आधी विचारून ठेवा.

पायरी आठवी : अडचण आली तर

रॅगिंगविरोधी हमीपत्र तुम्ही आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी भरलेले असते. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे. ‘ओळख परेड’ असे गोड नाव दिले म्हणून ती गोष्ट बदलत नाही. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. समितीतील सदस्यांची नावे दर्शनी भागात लावणे संस्थेवर बंधनकारक आहे. ती दिसली नाहीत तर तेच आधी लेखी विचारा.

गुण, शुल्क, प्रमाणपत्र, भेदभाव अशा बाबींसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते. २०२३ च्या आयोगाच्या विनियमांत ही व्यवस्था आहे. गुण अनपेक्षित कमी आले तर निकालानंतरच्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती शिक्षकांसोबत पाहावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरावे. माझा अनुभव असा की निम्मी मुले छायाप्रत पाहिल्यावर गप्प बसतात आणि उरलेल्यांपैकी काहींचा विषय सुटतो.

मन लागत नसेल, झोप उडाली असेल, खोलीतून बाहेर पडावेसे वाटत नसेल, तर विद्यापीठातील समुपदेशकांना भेटा. लहान परिसरात कोणी पाहील याची भीती वाटत असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक आहे. तो विनाशुल्क आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते.

पायरी नववी : संधी

मोठ्या शहरातल्या विद्यापीठात ज्या उपकरणासाठी महिनाभर थांबावे लागते, ते येथे शिक्षकांना विचारून परवा दुपारी मिळू शकते. लहान ठिकाणाचा हा खरा फायदा आहे आणि तो विचारणाऱ्यालाच मिळतो. पहिल्या सत्राच्या शेवटी एखाद्या शिक्षकांकडे जाऊन ‘सर, तुमच्या चालू कामात मला काही करता येईल का?’ असे विचारून पाहा. आविष्कार या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प हवा असतो आणि शिक्षकांनाही धडपडणारी मुले हवी असतात.

प्रकल्पाचा विषय दूर शोधू नका. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आहेत, इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, हुपरीत चांदीचे काम आहे, सगळीकडे गूळ आणि दूध आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ती शिवणाऱ्या कारागिराच्या हातात एका जोडामागे काय पडते, हा वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुरेसा विषय आहे. फौंड्रीतील वाया जाणारी वाळू हा रसायन आणि पर्यावरण विभागांचा विषय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या दप्तरांची मोडी लिपी शिकून घेतली तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील संस्थानकालीन दप्तर त्याला उघडते, आणि मोडी वाचणाऱ्याला आज काम मिळते. इंटर्नशिपसाठी कारखान्यात जाताना विभागप्रमुखांचे पत्र सोबत न्या. वसाहतीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक तुमचा उत्साह पाहत नाही, पत्र पाहतो.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. तास भरले की प्रमाणपत्र मिळते, पण गावातल्या शिबिरातील रात्रीच्या बैठकींत जे शिकायला मिळते ते प्रमाणपत्रावर येत नाही. युवा महोत्सवातून पुढे राज्याच्या इंद्रधनुष्य महोत्सवापर्यंत जाता येते. खेळाडूंनी विभागीय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, खेळाडू आरक्षणात ती तपासली जातात. पीएच.डी.चा विचार असेल तर नेट आणि सेट या पात्रता परीक्षांची तयारी दुसऱ्या सत्रापासून करा आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), बार्टी (अनुसूचित जातींसाठी), महाज्योती (इतर मागास प्रवर्गांसाठी) यांच्यापैकी आपल्याला लागू असलेल्या संस्थेची अधिछात्रवृत्ती पाहून ठेवा. सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरात आहे.

पायरी दहावी : मे महिन्यात गावी जाण्याआधी

दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली की बॅग भरण्याची घाई होते. त्याआधी ग्रंथालयाची पुस्तके परत करून ना-देय दाखला घ्या, पुढील वर्षाच्या वसतिगृहाच्या अर्जाची तारीख रेक्टरांच्या कार्यालयात विचारून लिहून घ्या आणि शिष्यवृत्तीचा पहिल्या वर्षाचा हप्ता आला नसेल तर पोच दाखवून लेखी चौकशी करून जा. गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच सेतू या शासकीय दाखल्यांच्या केंद्रात जाऊन उत्पन्नाच्या नव्या दाखल्यासाठी अर्ज द्या. जुन्या दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असते आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला नवाच लागतो. मेच्या सुरुवातीला तेथे दोन-चार माणसे असतात, निकाल लागले की तीच रांग रस्त्यापर्यंत येते.